सेव्हरिनची डावी नाकपुडी

आमच्या खाणावळीत तपकीर ओढून जो शिंकतो तो परगावचा समजावा. इथले पुरुष शिंकत नाहीत. काचेच्या चपट्या बुदलीतून मुठीच्या पाठीवर तपकिरीची रेघ पाडतात, एका दमात वर ओढतात, डोळे मिटून घटकाभर गप्प बसतात, आणि मग उशीच्या अभ्र्याएवढा रुमाल काढून साऱ्या गावाला ऐकू जाईल असं नाक शिंकरतात. रुमाल तांबड्या-तपकिरी चौकड्यांचाच असतो. चरबीत मळलेल्या या तपकिरीचा डाग धुऊन निघत नाही, म्हणून पांढरा रुमाल खिशात ठेवायची बिशाद कोणाची नाही. आणि समोरच्यानं बुदली पुढे केली की नाही म्हणायचं नसतं. नाही म्हणणारा एकतर भांडलेला असतो, नाहीतर आजारी.

मी नोटबुर्गा. सगळे बुर्गल म्हणतात. ही खाणावळ माझ्या आजोबांची, मग वडिलांची, मग माझी. नवरा वेन्झल घरजावई म्हणून आला, आणि कोणी टोमणा मारायच्या आत तो स्वतःच ते सांगून मोकळा व्हायचा. माझ्याशी लग्न होण्याआधी तो सुतारकाम करायचा. हार्टल मिस्त्रींच्या कारखान्यात तो आणि सेव्हरिन आखात्स एकाच वेळी उमेदवारीला होते, एकाच बाकावर डबा खायचे.

गोष्ट सेव्हरिनची आहे. त्याचे वडील काचेच्या भट्टीवर होते. पोरानं आगीपाशी आयुष्य काढू नये म्हणून त्यांनी त्याला लाकडात घातलं, आणि लाकडानं त्याला जे धरलं ते सोडलंच नाही. ओकच्या खिडक्या, चर्चचे बाक, जिन्याचे कठडे. प्लायवूड हा शब्द त्याच्यापुढे काढला तर तो उठून जायचा. बोलणं बेताचं. पण एखाद्यानं बीचच्या लाकडाला ॲशचं म्हटलं की हा अर्धा तास भांडणार, आणि ज्याच्याशी भांडला त्याच्याच घरचं दार दुसऱ्या दिवशी न सांगता जाऊन दुरुस्त करणार. असल्या माणसाशी धड वैरही करता येत नाही. तपकिरीत मात्र त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. कीर्ताच्या जत्रेला, म्हणजे ऑक्टोबरात चर्चच्या सणाला, आमच्याकडे तपकीर ओढायची शर्यत असते. ती तो इतक्या वर्षांपासून जिंकत होता की दुसऱ्या नंबरालाच लोक पहिला म्हणायचे.

हार्टल मिस्त्री कसे गेले ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या काळी भुसा ओढून घेणारी यंत्रं नव्हती. कारखान्यात ओकचा धुरळा धुक्यासारखा भरलेला असायचा आणि माणसं तोच श्वासात घ्यायची. मिस्त्रींच्या एका नाकपुडीतून रक्त यायला लागलं. ते म्हणाले, हवा कोरडी आहे. मग नाक बंद राहायला लागलं. ते म्हणाले, सर्दी. मग एक डोळा पुढे आला. तेव्हा त्यांना मोठ्या शहरात नेलं आणि तिथं डॉक्टर म्हणाले, आता कापण्यात अर्थ नाही. पुढे कळलं की ओक आणि बीचची धूळ वर्षानुवर्षं ओढणाऱ्या सुतारांना नाकाचा कॅन्सर होतो. गावानं मात्र एवढंच ध्यानात ठेवलं की डॉक्टर कापत नाहीत म्हणाले की माणूस संपला. मिस्त्रींना शेवटी चमच्यानं पाणी पाजायचं काम सेव्हरिननं केलं होतं. नंतर कारखानाही त्यानंच चालवला.

तर त्या वर्षी कीर्ताच्या आधी सेव्हरिनची बायको मथिल्ड माझ्याकडे आली. मथिल्ड शाळेची बस चालवते. घाटात बर्फ असो, पोरं मागे मारामारी करोत, तिच्या कपाळावर आठी पडत नाही. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली, कोट न काढताच स्टुलावर बसली आणि माझ्या टोपलीतले बटाटे सोलायला लागली.

"बुर्गल, सेव्हरिनचं बाहेर काहीतरी आहे."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे बाहेर. दुसरी कोणीतरी."

मला हसू आवरेना. "सेव्हरिनचं? अगं, त्या माणसाला तुला लग्नाचं विचारायला पाच हिवाळे लागले. आता दुसरीला विचारेपर्यंत त्याला पेन्शन लागेल."

"हस तू. तो स्वतःचे रुमाल स्वतः धुतोय."

हे ऐकून मी सुरी खाली ठेवली. आमच्याकडचा पुरुष एक वेळ डोंगर हलवील, पण स्वतःचा रुमाल धुणार नाही.

"गुपचूप धुतो," ती म्हणाली. "कारखान्यातल्या नळावर. एक माझ्या हाती लागला. कडेला लाल डाग होता. लिपस्टिकचा."

"हुंगून बघितलास?"

"बघितला. नुसता साबणाचा वास. माणूस इतका साबण कधी लावतो? लपवायचं असतं तेव्हाच ना?"

मी तिला कॉफी दिली आणि वर अक्कलही शिकवली. म्हटलं, "थिल्डे, एवढी वर्षं एका घरात काढून नवऱ्याच्या मनात काय आहे ते तुला कळू नये म्हणजे कमाल आहे. आमचा वेन्झल नुसता उसासला तरी का उसासला ते मला कळतं." तिनं माझ्याकडे बघितलं आणि बटाट्याची साल जरा जास्तच जाड काढली.

कीर्ताच्या रविवारी बदकं भाजून झाली आणि शर्यतीची टेबलं मांडली. प्रत्येकाच्या गळ्यात कागदाचा पांढरा लाळेरा बांधतात, पुढ्यात तपकिरीची डबी ठेवतात आणि मिनिटभरात जेवढी नाकात जाईल तेवढी घालायची असते. सांडलेली तपकीर लाळेऱ्यावरून झटकून वजन करतात. सेव्हरिन म्हणत होता की यंदा नको, जवान पोरांना संधी द्या. तेव्हा सगळे ओरडले, "भ्याला! सेव्हरिन भ्याला!" मथिल्ड भिंतीपाशी हाताची घडी घालून उभी होती. दुसरी बाई कोण असेल ते गर्दीत शोधत असणार. तिच्याकडे एकदा बघून सेव्हरिन टेबलाशी बसला.

शिट्टी वाजली. मी बघत होते, तो सगळी तपकीर उजव्या नाकपुडीतच कोंबत होता. पंच ओरडला, "दोन्ही! सेव्हरिन, दोन्ही नाकपुड्या!" नियमच तसा आहे. सेव्हरिननं मोठी चिमूट घेतली आणि अंगठ्यानं डाव्या नाकपुडीत दाबली.

आधी कोणाला काही कळलंच नाही. सगळ्यांचीच नाकं-तोंडं तपकिरीनं माखलेली. मग त्याच्या लाळेऱ्यावर एक थेंब पडला, दुसरा पडला, आणि मग थेंब राहिलेच नाहीत, धारच लागली. दोघेतिघे अजून हसत होते. सेव्हरिननं डोकं मागे टाकलं तसं रक्त घशात जाऊन त्याला ठसका लागला आणि समोर बसलेल्यांवर लाल शिंतोडे उडाले. मग मात्र बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं.

मी चार पोरं वाढवली आहेत. मी त्याची मान धरून पुढे वाकवली, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट दाबला आणि तोंडानं श्वास घे म्हणून दरडावलं. वेन्झल टॉवेल घेऊन आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. रक्त बघवत नसेल, असं समजून मी त्याला आत पाठवून दिलं. मी नाक दाबून धरलं होतं तरी रक्त माझ्या बोटांतून वाट काढत होतं. "गाडी काढ, थिल्डे," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना.

मागच्या सीटवर मी त्याचं नाक धरून बसले. मथिल्ड अशी चालवत होती की बसमधल्या पोरांच्या आईबापांनी बघितलं असतं तर तिची नोकरी गेली असती. पूल ओलांडल्यावर सेव्हरिन टॉवेलाआडून गेंगाण्या आवाजात बोलला.

"थिल्डे, मला हार्टलचं झालंय."

तिनं विचारलं, "कधीपासून?"

"उन्हाळ्याच्या आधीपासून. एकाच बाजूनं. आत काहीतरी आहे, बोटाला लागतं. रक्त आलं की तपकीर कोंबायचो. थांबायचं मग."

"तपकीर कोंबायचास."

"सुकतं त्यानं."

"आणि मी समजत होते की बाई आहे," मथिल्ड म्हणाली. मग रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "बाई असती तर बरं झालं असतं."

हॉस्पिटलात त्या दिवशी डॉ. हावेलकोवा ड्यूटीवर होत्या. सीमेपलीकडच्या, बोहेमियाकडच्या. लहान चणीची बाई, पण हात असा की घोडाही गप्प उभा राहील. त्यांनी सेव्हरिनच्या नाकातलं रक्त आणि तपकिरीचा लगदा नळीनं ओढून काढला, औषधात भिजवलेल्या कापसाच्या वाती आत ठेवल्या आणि रक्त थांबल्यावर कॅमेऱ्याची बारीक दुर्बीण नाकपुडीत घातली. पडद्यावर मला दिसलं ते. नाकाच्या मधल्या भिंतीला देठानं लटकलेली गाठ, रानातल्या रास्पबेरीसारखी, तांबडी-जांभळी आणि ओली. नुसतं बघूनच वाटलं की बोट लावलं तर फुटेल.

"काम काय करता?" त्यांनी विचारलं.

"सुतार."

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण खाली ठेवली. मग एकेक विचारत गेल्या. दुखतं का? एखादी गोष्ट दोन दिसते का? डोळ्यातून पाणी येतं? वरचे दात बधीर होतात? गाल? सेव्हरिन प्रत्येक वेळी नाही म्हणत होता, पण असा, की आज नाही म्हणजे उद्या हो. शेवटी तोच म्हणाला, "बाई, तुकडा काढा आणि काय ते सांगून टाका."

"तुकडा आज काढणार नाही," त्या म्हणाल्या.

पुढेही त्या बोलल्या. ही गाठ रक्तानं भरलेली दिसते, इथं खुर्चीत बसवून चिमटा लावला तर रक्त आवरायचं नाही, आधी स्कॅन करू, मग ठरवू. मी ते सगळं ऐकलं. सेव्हरिननं पहिलंच वाक्य ऐकलं. त्याचे हात मांडीवर पडले आणि तो एकदम म्हातारा दिसायला लागला. मथिल्डनं त्याचा कोट त्याच्या खांद्यावर टाकला. परत येताना तो एवढंच म्हणाला, "मिस्त्रींचंपण कापलं नव्हतं."

मी म्हटलं, "अरे, कारण वेगळं आहे. रक्ताचं सांगितलं ना त्यांनी."

"डॉक्टर लोक सांगतात, बुर्गल. काहीतरी सांगावंच लागतं त्यांना."

आणि खरं सांगते, माझाही माझ्या बोलण्यावर विश्वास नव्हता. हार्टल मिस्त्रींचा पुढे आलेला डोळा मी स्वतः बघितला होता. त्या दिवसांत मी सेव्हरिनशी बोलताना आधी त्याचे डोळे बघायचे, दोन्ही सारखेच आत आहेत ना, आणि मग माझीच मला लाज वाटायची.

स्कॅनची तारीख येईपर्यंत तो कारखान्यात गेला नाही. अर्धवट राहिलेला ओकचा दरवाजा तसाच शिकंज्यात. घरात मात्र त्याला वेगळाच उद्योग सुचला. मथिल्डला तळघरात नेऊन बॉयलर कसा चालू करायचा ते दाखवलं. पाण्याचा मुख्य नळ दाखवला. छपराची कुठली कौलं दर वर्षी सरकतात ते अंगणातून बोट दाखवून सांगितलं. करवतीला धार लावायला शिकवायला बसला, तेव्हा मी तिथंच होते. मथिल्डनं कानस हातात घेतली, दोनदा घासली आणि बाकावर आपटली.

"मला माहीत आहे तू काय शिकवतोयस ते. तू मला विधवा व्हायचं शिकवतोयस."

"कोणाला तरी यायला हवं हे."

"मग गाव पडलंय. मला नाही यायचं. ऐकलंस? मी मुद्दाम शिकणार नाही." आणि ती निघून गेली. सेव्हरिन माझ्याकडे बघून म्हणाला, "कानस उलटी धरत होती."

गावाचं वागणंही मला बघवत नव्हतं. शनिवारी तो शेगडीजवळच्या आपल्या जागी येऊन बसायचा. लोक यायचे, हळू आवाजात बोलायचे, हवेचं विचारायचे. पण बुदली कोणी पुढे करत नव्हतं. टेबलावर हातोहात फिरायची आणि त्याच्यापाशी आली की वळसा घालून जायची. डॉक्टरांनी मनाई केली होती हे मान्य. पण निदान विचारायचं तरी! सेव्हरिन ते बघायचा आणि पुढ्यातली बिअर गोल गोल फिरवत बसायचा. एकदा माझा तोल गेला. मी टेबलावर फडका आपटून म्हटलं, "मेला नाही तो अजून." आणि बोलल्यावर वाटलं, हे काय बोलून बसले मी! वेन्झल काउंटरमागे ग्लास पुसत होता. तो काहीच बोलला नाही. पण तसा तो कधी बोलतो?

स्कॅन झाला. मथिल्डनं मला बरोबर नेलं, कारण डॉक्टरांचं बोलणं दोघांनी ऐकलं की निम्मं विसरतं आणि तिघांनी ऐकलं की कमी विसरतं, असं तिचं म्हणणं. डॉ. हावेलकोवांनी चित्रं उजेडावर लावली.

"हे हाड बघा. शाबूत आहे. गाठीनं कुठं कुरतडलेलं नाही. डोळ्याकडे काही नाही, वर मेंदूकडे काही नाही. आणि शिरेतून सोडलेलं औषध तिनं भराभर पिऊन घेतलं, म्हणजे नुसत्या बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ दिसतो. माझा अंदाज विचाराल तर साधी गाठ आहे. कॅन्सर नाही."

"अंदाज," सेव्हरिन म्हणाला.

"अंदाजच. तुम्ही सुतार आहात, म्हणून मी शपथ घेणार नाही. पूर्ण काढते, मुळापासून, भोवतीची थोडी त्वचा धरून. मग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतील. त्यांनी सांगितलं की मी सांगेन."

"मग त्या दिवशीच का नाही कापली?"

"कारण त्या दिवशी कापली असती तर तुम्ही माझ्या खुर्चीतच रक्तानं न्हाऊन निघाला असता. बेशुद्ध करून, सगळी तयारी ठेवून काढायची असते ती." मग त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आणि नाकात सारखं काही कोंबत होतात का? अंगठ्यानं? अशा गाठी कधीकधी छेडछाडीनं वाढतात."

सेव्हरिन खाली बघायला लागला. मथिल्ड म्हणाली, "सांग ना आता. सुकतं त्यानं, म्हणून सांग."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघी कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. बाहेरून चिरायचं नाही, सगळं नाकपुडीतूनच, असं सांगितलं होतं. तरी दार उघडलं की मथिल्ड उभी राहायची आणि दुसऱ्याच कोणाची तरी खाट बाहेर यायची. मी मनात मागणं मागायचा प्रयत्न केला, पण शब्द पुरे होत नव्हते. शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. गाठ निघाली, मूळ जाळून बंद केलं, रक्त फार गेलं नाही. "आता वाट बघायची," त्या म्हणाल्या. एवढं होऊनही वाट बघणं संपलं नव्हतंच.

नाकातल्या पट्ट्या निघाल्या, तो घरी आला, आणि निकालाचा फोन कुठं यायचा यावरून नवराबायकोचं भांडण झालं. घरी एकट्यानं फोन घ्यायची सेव्हरिनची छाती होत नव्हती, आणि मथिल्डनं आधी ऐकावं हेही त्याला नको होतं. मग त्यानं खाणावळीचा नंबर दिला. सकाळपासून येऊन शेगडीपाशी बसायचा. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे, आणि पलीकडून कोणीतरी विचारायचं की आज डुकराचं मांस आहे का.

तो फोन आला तेव्हा दुपारची जेवणं आटोपली होती. मी उचलला आणि बाईंचा तो बोहेमियन हेल ऐकून नुसता रिसीव्हर पुढे केला. सेव्हरिन उभा राहून ऐकत होता. "हं." मग "हं." मग "बरं." त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. रिसीव्हर ठेवल्यावर त्यानं फोनच्या वायरची गुंडाळी नीट केली.

"अरे, बोल की!"

"रक्तवाहिन्यांची गाठ. साधी. पूर्ण निघालीय म्हणाल्या." त्याचा आवाज फाटला. "कॅन्सर नाही, बुर्गल." तो तिथंच बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मीही रडत होते, लपवायचं कशाला?

मग त्यानं घड्याळ बघितलं. मथिल्डची बस पोरांना सोडून येण्याची वेळ झाली होती. तो टोपी विसरून तसाच बाहेर पळाला. मी खिडकीतून बघितलं. तो भर रस्त्यात उभा राहिला, बस थांबली, उरलीसुरली पोरं काचांना नाकं लावून बघत होती. मथिल्ड खाली उतरली. त्यानं काहीतरी सांगितलं. तिनं दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर दणादण ठोसे मारले, मग त्याचा कोट घट्ट धरला आणि सोडलाच नाही. मागे दूधवाल्याचा ट्रक येऊन उभा राहिला, पण त्यानंही हॉर्न वाजवला नाही.

मी हसत-रडत भांडी घासायला वळले. म्हटलं, "बघितलंस, वेन्झल? उगाच त्या माणसानं मरणाची तालीम केली."

वेन्झल खिडकीकडेच बघत होता. हातातला ग्लास केव्हाचा कोरडा झाला होता, तरी तो पुसतच होता.

"बुर्गल, त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर आहे ना आपल्याकडे?"

"आहे की. कशाला?"

"मला लागेल."

मी हसतच विचारलं, "तुला कशाला लागेल?" आणि विचारताना त्याच्याकडे बघितलं.

"माझी उजवी आहे," तो म्हणाला. "ईस्टरपासून. आताशा या बाजूचे दात बधीर होतात."

"ईस्टरपासून? आणि तू मला आता सांगतोयस?"

"म्हटलं, आधी सेव्हरिनचं काय होतं ते कळू दे."

मी ओले हात झग्यालाच पुसले आणि फोन उचलला.